भातखाचरातील सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाश्या : शरीररचनेवरून गटांची ओळख (विशेष संदर्भ – भोर व वेल्हे तालुके, जि. पुणे)

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून असलेले भोर आणि वेल्हे हे भातशेतीचे तालुके होत. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड असे करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये मान्यता दिली, प्रस्तुत लेखात मात्र लोकांच्या तोंडी असलेले जुने नावच वापरले आहे.) गुंजवणी, कानंदी, वेळवंडी व नीरा यांच्या खोऱ्यांत डोंगरउतारावर बांध घालून केलेली लहान लहान खाचरे, जूनमध्ये पावसाच्या भरवशावर टाकलेली रोपे आणि जुलैमधील लावणी असा येथील खरिपाचा क्रम आहे. आंबेमोहोराची लागवड या मावळपट्टीत परंपरेने चालत आली. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर 157 व आय. आर. 8 यांच्या संकरातून विकसित केलेला आणि 1987 साली प्रसारित झालेला इंद्रायणी हा वाणही येथे चांगला रुजला आहे.

या पिकाचा एक मोठा शत्रू म्हणजे पिवळा खोडकिडा. त्याची मादी पतंग पानाच्या शेंड्याकडे अंड्यांचा पुंजका घालते आणि आपल्या उदराच्या टोकावरील पिंगट केसांनी तो झाकून टाकते. पुंजक्यातून निघालेली अळी खोडात शिरली की फुटव्याच्या अवस्थेत गाभा वाळतो. पीक निसवल्यानंतर शिरली तर पांढऱ्या, पोचट लोंब्या उभ्या राहतात. खोडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत फवारणी पोहोचणे कठीण असते. म्हणूनच तिला अंड्यातच गाठणाऱ्या कीटकांचे महत्त्व फार आहे.

असा एखादा पुंजका पानाच्या तुकड्यासह काचेच्या नळीत ठेवून तोंडाला कापसाचा घट्ट बोळा लावला, तर काही दिवसांनी पुष्कळदा अळ्यांऐवजी, किंवा अळ्यांच्या जोडीने, मोहरीच्या दाण्याहूनही लहान असे काळपट कीटक नळीच्या उजेडाकडील बाजूस जमलेले दिसतात. या कीटकांची नोंद बहुधा एकाच शब्दात होते – ट्रायकोग्रामा. कृषी विस्ताराच्या पत्रकांमुळे हे नाव सर्वांच्या परिचयाचे झाले आहे, त्यामुळे तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु त्या नळीत तीन वेगवेगळ्या कुलांतील गांधीलमाश्या असू शकतात आणि त्यांचे काम, त्यांची मोजणी व त्यांच्यापासून काढावयाचा निष्कर्ष ही तिन्ही भिन्न असतात. त्यांना वेगळे ओळखण्याच्या शारीरिक खुणा कोणत्या आणि त्या खुणांवाचून कोणती चूक घडते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

माशी नव्हे, गांधीलमाशी

मराठीत 'माशी' हा शब्द सैल अर्थाने वापरला जातो. भातावरील गादमाशी ही खरोखरीची माशी आहे. तिला पंखांची एकच जोडी असते. परोपजीवी गांधीलमाश्या मात्र मुंग्या व मधमाश्या यांच्याबरोबर हायमेनॉप्टेरा या गणात मोडतात. त्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात व मागचा लहान पंख बारीक आकड्यांनी पुढच्या पंखास अडकलेला असतो. बहुतेकींची कंबर बारीक असते. अंडी घालण्याची नळी, म्हणजे अंडनिक्षेपक, हेच त्यांचे मुख्य हत्यार होय. मोठ्या गांधीलमाशीची नांगी ही याच अवयवाचे रूपांतर आहे. खाचरातील सूक्ष्म माश्या मात्र माणसाला कोणताही उपद्रव देत नाहीत.

'परोपजीवी' या शब्दाबाबतही एक खुलासा आवश्यक आहे. गोचीड जनावराचे रक्त पिते, परंतु सहसा त्याला मारीत नाही. येथे विचारात घेतलेल्या गांधीलमाशीची अळी आपल्या आश्रयदात्या कीटकाच्या अंड्यात, अळीत किंवा कोषात वाढते आणि शेवटी त्याचा नाश करते. शेतीच्या दृष्टीने तिचे मोल आहे ते या शेवटामुळेच.

या गणात आतापर्यंत दीड लाखांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. आकाराची खालची मर्यादा तर चकित करणारी आहे. मायमॅरिडी कुलातील एका अमेरिकन जातीचा पंखहीन नर सुमारे 0.139 मिलिमीटर लांबीचा असून तो ज्ञात प्रौढ कीटकांमध्ये सर्वांत लहान समजला जातो. भोर-वेल्ह्याच्या वाचकाला या सूक्ष्म माश्यांचे दर्शन घडविण्याचा सर्वांत सोपा मार्ग मात्र खाचरात नसून ओढ्याकाठच्या उंबराखाली आहे. पिकलेले उंबर फोडल्यावर उडणारी 'चिलटे' ही चाल्सिडॉइडिया या अधिकुलातील गांधीलमाश्या असतात. त्यांतील एक उंबराचे परागीभवन करते, तर दुसऱ्या काही बाहेरूनच लांबलचक अंडनिक्षेपक फळात खुपसून अंडी घालतात. एकाच उंबरात परागवाहक आणि उपटसुंभ एकत्र नांदतात आणि ते ओळखू येतात ते शेपटीसारख्या दिसणाऱ्या त्या नळीवरून.

एका पुंजक्यातील तिघी

खोडकिड्याच्या पुंजक्यातून बाहेर पडणाऱ्या तीन प्रमुख प्रजाती म्हणजे ट्रायकोग्रामा, टेट्रास्टिकस आणि टेलेनोमस. त्यांना वेगळे करण्याची सर्वांत भरवशाची खूण पायात आहे. कीटकाच्या पायात मांडी, त्यापुढे नडगी आणि नडगीच्या पुढे लहान लहान खंडांचे पाऊल असते. या पावलास गुल्फ म्हणतात. ट्रायकोग्रामाच्या गुल्फात तीन खंड असतात, टेट्रास्टिकसच्या चार व टेलेनोमसच्या पाच. तीन, चार, पाच एवढा क्रम ध्यानात ठेवला तर निम्मे काम झाले असे म्हणावयास हरकत नाही. साध्या भिंगाखाली हे खंड मोजता येत नाहीत, हे मात्र मान्य केले पाहिजे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली, काचपट्टीवर ग्लिसरिनच्या थेंबात पाय पसरून खालून प्रकाश दिला असता ते स्पष्ट दिसतात.

ट्रायकोग्रामा ही तिघींत लहान, सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीची असते. भातासाठी वापरली जाणारी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम ही जाती गडद रंगाची असून तिचे डोळे लाल असतात. तिचा पुढचा पंख रुंद असतो, त्यातील शीर इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते आणि पंखाच्या पडद्यावर बारीक केस ओळींनी मांडलेले असतात. वेस्टवूड यांनी 1833 साली दिलेले प्रजातीचे नावच या केसांच्या ओळींवरून आले आहे. नराच्या शृंगिकेवर लांब केस असतात, तर मादीच्या शृंगिकेचे टोक गदेसारखे फुगीर असते.

टेट्रास्टिकस स्कोनोबी ही युलोफिडी कुलातील जाती आकाराने तिच्याहून मोठी, सुमारे दीड मिलिमीटर असून अंगावर निळसर-हिरवी धातूसारखी झळाळी असते. पुढच्या पंखाच्या कडेने जाणारी शीर लांब असते. ती जेथे पंखाच्या आत लहानसा फाटा देते, त्याच्या पुढे कडेवर मात्र ती जवळजवळ नाहीशीच होते.

टेलेनोमस काळी व ठेंगणी असते, एक मिलिमीटरहूनही लहान. प्रथमदर्शनी ती चाल्सिडॉइडियातील वाटते, कारण तिचीही शृंगिका कोपरासारखी वाकलेली असते आणि पंखातील शिराही मोजक्याच असतात. येथेच विद्यार्थ्यांची फसगत होते. वस्तुतः ती सेलिओनिडी या निराळ्या कुलातील असून तिचे अधिकुलही वेगळे आहे. तिच्या पंखात कडेची शीर आखूड असते, परंतु आतील फाटा लांब असतो आणि त्याच्यापुढे कडेची शीर आणखी बरीच दूर जाते. म्हणजे टेट्रास्टिकसच्या बरोबर उलट. उदराच्या दोन्ही बाजूंना धारदार कड असते व उदर वरून चपटे दिसते. वक्षाकडे पाहिल्यास भेद अधिकच पक्का होतो. टेलेनोमसमध्ये अग्रवक्षाची पाठपट्टिका पंखाच्या मुळाशी असलेल्या लहान गोल पट्टिकेपर्यंत थेट पोहोचते. चाल्सिडॉइडियात ती सहसा तेथवर पोहोचत नाही. मध्ये एक स्वतंत्र लहान पट्टिका, बहुधा त्रिकोणी, आलेली असते. अंडनिक्षेपकही टेलेनोमसमध्ये उदराच्या अगदी टोकातून बाहेर येतो, तर चाल्सिडॉइडियात तो उदराच्या खालच्या बाजूने, टोकाच्या अलीकडून निघतो.

रंग आणि आकार या खुणा मुद्दामच दुय्यम ठेवल्या आहेत. दीर्घकाळ अल्कोहोलमध्ये राहिलेल्या नमुन्याचा रंग बदलतो, वाळलेला नमुना आक्रसतो आणि अपुरे अन्न मिळालेली माशी आपल्या जातीच्या सरासरीहून बरीच लहान राहते. गुल्फखंडांची संख्या मात्र बदलत नाही.

मोजणीतील फरक

ही ओळख केवळ पाठ्यपुस्तकी हौस नाही. समजा, एका पुंजक्यातून दहा परोपजीवी माश्या निघाल्या. त्या टेलेनोमस असतील तर खोडकिड्याची दहा अंडी नष्ट झाली, कारण या प्रजातीत एका अंड्यातून एकच माशी निघते. त्या ट्रायकोग्रामा असतील तर अंडी दहा किंवा त्याहून कमी असतील. एका अंड्यात तिची एकाहून अधिक पिले वाढू शकतात. आणि त्या टेट्रास्टिकस असतील तर हिशेब पार बदलतो. टेट्रास्टिकसची अळी एका अंड्यात जन्म घेते, परंतु तेवढ्यावर तिचे पोट भरत नाही. शेजारची अंडी खात ती पुढे सरकते व वाढ पूर्ण होईपर्यंत साधारणतः तीन अंडी फस्त करते. म्हणजे दहा माश्यांमागे सुमारे तीस अंडी गेली. तिन्ही प्रसंगी 'दहा ट्रायकोग्रामा' अशी नोंद झाली, तर खाचरात निसर्गतः चाललेल्या नियंत्रणाचा अंदाज तिपटीने चुकू शकतो. आणि फवारणी करावी की थांबावे, हा निर्णय त्या अंदाजावरच घ्यावयाचा असतो.

दुसरी चूक ट्रायकोकार्डाच्या बाबतीत होते. या कार्डावर कॉर्सीरा या साठवणीतील धान्यावर जगणाऱ्या पतंगाची सुमारे 20 हजार अंडी चिकटविलेली असतात व त्यांत ट्रायकोग्रामा वाढत असते. भातात ट्रायकोग्रामा जॅपोनिकम हेक्टरी 50 हजार ते 1 लाख या प्रमाणात, सात ते दहा दिवसांच्या अंतराने अनेक वेळा सोडण्याची शिफारस केली जाते. कार्ड लावल्यानंतर खाचरातील पुंजके तपासले व त्यांतून चार गुल्फखंडांची हिरवट माशी निघाली, तर तिचे श्रेय कार्डाला देता येत नाही. ती कार्डात नव्हतीच. ती बांधावरची, शेजारच्या खाचरातली, मूळची रहिवासी होय. उलट कार्ड वाया गेले असे समजून शेतकऱ्याने दाणेदार कीटकनाशक टाकले, तर या रहिवासी माश्यांवरही संकट येऊ शकते. लहान खाचराच्या मालकाला दोन्हीकडून पदरमोड करावी लागते, ती अशी.

ट्रायकोग्रामाच्या मर्यादेचे कारणही पुन्हा शरीररचनेतच आहे. तिचा अंडनिक्षेपक आखूड असतो. खोडकिड्याचा पुंजका केसांनी झाकलेला व थरांचा असल्यामुळे तिला बहुधा कडेची व वरची अंडीच गाठता येतात. टेट्रास्टिकसचा अंडनिक्षेपक लांब असल्याने केसांचा अडसर तिला तितका जाणवत नाही. टेलेनोमसच्या काही जातींनी तर निराळीच युक्ती साधली आहे. त्या मादी पतंगाच्या अंगावर बसूनच प्रवास करतात आणि ती अंडी घालू लागली की केसांचे पांघरूण पडण्यापूर्वीच आपले काम उरकतात. ऊस किंवा इतर पिकांवरील उघड्या अंड्यांच्या अनुभवावरून भातातील ट्रायकोग्रामाविषयी अपेक्षा बांधणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

येथे आणखी एक सावधगिरी. कार्डावरील अंडी काळी पडली की त्यांत ट्रायकोग्रामा वाढत आहे, ही खूण बरोबर आहे. परंतु खोडकिड्याचे निरोगी अंडेही उबण्यापूर्वी आतील अळीच्या डोक्यामुळे काळसर दिसते. केवळ काळेपणावरून पुंजका 'मित्रकीटकांचा' ठरविणे धोक्याचे आहे; तो नळीत ठेवून काय बाहेर येते ते पाहणे हाच मार्ग.

पंखातील एक शीर : इक्न्युमोनिडी आणि ब्रॅकोनिडी

खाचरात डोळ्यांना सहज दिसणाऱ्या, लांब शृंगिकांच्या परोपजीवी गांधीलमाश्या बहुधा या दोन कुलांतील असतात. त्यांच्या शृंगिकेत सहसा सोळाहून अधिक खंड असतात. चाल्सिडॉइडियात ही संख्या तेरापलीकडे जात नाही. पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली झँथोपिम्पला ही इक्न्युमोनिडी कुलातील असून ती पतंगांच्या कोषांत अंडी घालते. पानाखाली रेशमी दोऱ्याने कंदिलासारखा लोंबणारा, काळ्या खुणांचा करडा कोष दिसला तर तो कॅरॉप्स या त्याच कुलातील प्रजातीचा समजावा. ब्रॅकोनिडी कुलातील कोटेशिया ही लष्करी अळीच्या शरीरात वाढते व बाहेर पडून पांढऱ्या कोषांचा कापसासारखा झुबका करते.

दोन्ही कुले वेगळी करण्यासाठी पुढच्या पंखाच्या बाहेरील अर्ध्या भागातील एकच आडवी शीर पाहावी लागते. तिला दुसरी परावर्ती शीर म्हणतात. इक्न्युमोनिडीत ती असते, ब्रॅकोनिडीत नसते. शिवाय ब्रॅकोनिडीत उदराच्या दुसऱ्या व तिसऱ्या खंडांच्या पाठपट्टिका एकमेकींस जोडलेल्या असतात, इक्न्युमोनिडीत त्या सामान्यतः सुट्या व हलणाऱ्या असतात. काही लहान इक्न्युमोनिडींमध्ये ती शीर लुप्त झालेली आढळते. अशा वेळी उदराची खूण उपयोगी पडते. एकाच लक्षणावर विसंबू नये हा वर्गीकरणशास्त्रातील जुना नियम येथे अक्षरशः लागू पडतो.

फुगीर मांडीच्या माश्यांबाबतही तेच. मागच्या पायाची मांडी फुगलेली व तिच्या खालच्या कडेला दात असतील तर ती चाल्सिडिडी कुलातील, उदाहरणार्थ पतंगांच्या कोषांवर जगणारी ब्रॅकिमेरिया, असे म्हणता येते. पण ल्युकोस्पिडी कुलातही अशीच मांडी असते. तेथे पुढचा पंख लांबीत दुमडलेला असतो, मादीचा अंडनिक्षेपक पाठीवर वळलेला असतो आणि तिचे आश्रयदाते एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या व गांधीलमाश्या असतात; भाताच्या किडीशी तिचा संबंध नाही.

मित्राचा शत्रू

कोटेशियाचा पांढरा झुबका नळीत ठेवल्यास त्यातून कोटेशियाच निघेल अशी खात्री नसते. पुष्कळदा पाच गुल्फखंडांची, वाकलेल्या शृंगिकेची, हिरवट झळाळीची लहान माशी निघते. ती ट्रायकोमॅलॉप्सिस ही टेरोमॅलिडी कुलातील प्रजाती असू शकते. तिने लष्करी अळीवर नव्हे, तर कोटेशियावरच उपजीविका केलेली असते. तिला दुय्यम परोपजीवी म्हणतात. सेराफ्रोनिडी कुलातील अ‍ॅफॅनॉग्मस हीदेखील त्याच व्यवसायातील. ही काळी, अत्यंत लहान माशी टेलेनोमसशी सहज घोटाळा करते. तथापि तिच्या पुढच्या पायाच्या नडगीच्या टोकास दोन काटे असतात. इतर बहुतेक सर्व सूक्ष्म गांधीलमाश्यांत तेथे एकच काटा असतो. नळीतून निघालेली प्रत्येक बारीक माशी मित्रकीटक म्हणून मोजली, तर मित्रांच्या यादीत त्यांच्याच मारेकऱ्यांची भर पडते.

जातीची ओळख आणि तिच्या मर्यादा

आतापर्यंतच्या खुणा कुल व प्रजाती यांपर्यंत नेतात. जातीच्या पातळीवर बाह्य रचना अनेकदा अपुरी पडते. याचे ठळक उदाहरण ट्रायकोग्रामाचेच आहे. भारतात उसावरील खोडकिड्यांसाठी वाढविली जाणारी जाती दीर्घकाळ ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम या नावाने ओळखली जात असे. पुढे 1976 मध्ये तिला ट्रायकोग्रामा कन्फ्यूजम हे नाव मिळाले आणि त्यानंतर ती ईशी यांनी 1941 मध्ये वर्णिलेली ट्रायकोग्रामा चिलोनिस हीच असल्याचे निश्चित झाले. या गोंधळातून वाट काढण्यात बंगलोर येथे काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी व एच. नागराज यांचा वाटा मोठा आहे. नराच्या जननेंद्रियांची रचना हे या प्रजातीतील जाती ओळखण्याचे विश्वसनीय लक्षण आहे, हे त्यांनी 1971 मधील शोधनिबंधात दाखवून दिले. नमुन्यांत नर नसतील तर अनुभवी तज्ज्ञही म्हणूनच अडतो.

कुलांच्या सीमाही स्थिर नाहीत. टेरोमॅलिडी हे कुल अनेक दशके 'इतरत्र न बसणाऱ्यां'चे कोठार बनले होते. 2022 साली त्याची मोठी फेरमांडणी होऊन त्यातून अनेक स्वतंत्र कुले निर्माण करण्यात आली. जुन्या किल्लीवरून लावलेली नावे तपासून घेणे त्यामुळे आवश्यक झाले आहे.

नमुन्यांची निगा

निश्चित ओळखीसाठी नमुने पुण्यात आकुर्डी येथे असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे किंवा बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे नेता येतात. परंतु नमुन्याबरोबर गाव, खाचराची जागा, तारीख, भाताचा वाण आणि मुख्य म्हणजे कोणत्या किडीच्या कोणत्या अवस्थेतून माशी निघाली, याची चिठ्ठी हवी. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून नळीच्या आतच टाकावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. पिवळ्या थाळीत पाणी व साबणाचे चार थेंब टाकून बांधावर ठेवल्यास माश्या मुबलक मिळतात, पण त्या कशावर जगतात हे थाळी सांगत नाही. म्हणून एका पुंजक्यास एक नळी हीच पद्धत श्रेयस्कर.

लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून त्यांवरील पुंजके नष्ट करण्याची शिफारस शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. असे शेंडे जाळले किंवा पुरले तर त्यांतील टेट्रास्टिकस व टेलेनोमसही जातात. त्याऐवजी ते बांबूच्या जाळीदार पिंजऱ्यात, पाण्याने वेढून खाचराच्या कडेला ठेवावेत अशी पद्धत भातसंशोधकांनी सुचविली आहे. निघालेल्या अळ्यांना पीक सापडत नाही, माश्या मात्र जाळीतून उडून जातात. पिंजऱ्यात ठेवण्यापूर्वी त्यांतील दहा-पंधरा पुंजके वेगवेगळ्या नळ्यांत काढून घेतले, तर त्या हंगामात त्या शिवारात तिघींपैकी कोणाचे किती बळ आहे, हे लावणी आटोपेपर्यंत गुल्फखंड मोजून सांगता येते.